नागपुरात फ्लाय बांधायची सुरुवात: काय विकत घ्यावं, काय बाजारातून जमवावं?

कन्हानकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. ८ नंबरचा फ्लाय रॉड आणि तरंगणारी लाइन आहे, आता फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-केस बांधून केलेलं खोटं भक्ष्य, घरीच बांधायच्या आहेत. मुख्य मासा मरळ, त्यानंतर तिलापिया आणि रोहू. पाणी म्हणजे कन्हानचे डोह, रामटेकजवळचं खिंडसी आणि परवानगी मिळेल ते लहान तलाव. बहुतेक ठिकाणी काठाला बेशरम, पाण्यावर जलपर्णी आणि तळाला गाळ.

एकूण बजेट ५,००० रुपये. ऑनलाइन किट दिसतात: वाईस (गळ धरून ठेवणारा शिकंजा), बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरणारं नळीचं अवजार), कात्री, दोरे, पिसं, सगळं एकाच डब्यात. ते घ्यावं की सुटं सुटं घ्यावं? दोऱ्यावर ६/०, ८/०, १४० डेनियर असं काहीबाही लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ काय? शिवणाचा दोरा चालेल का? इथल्या दुकानातले साधे गळ चालतील का? बकटेल, माराबू या वस्तू नागपुरात कुठे दिसत नाहीत, त्यांना पर्याय काय? आणि कोंबडीची पिसं खाटकाकडून आणली तर ती किडू नयेत म्हणून काय करायचं?

इतवारीकर

किट घेऊ नका भाऊ. तो डबा ट्राउटवाल्यांसाठी भरलेला असतो. त्यातले गळ १० ते १४ नंबरचे, बारीक तारेचे. मरळेने एक हिसका दिला की सरळ होतात. पिसंही त्याच मापाची, म्हणजे तुमच्या १/० गळावर कामाची नाहीत. आणि वाईस इतका हलका की मोठा गळ धरला की जबडा पसरतो.

पैसे तीनच गोष्टींत घाला: गळ, दोरा, वाईस. कात्री चौथी. बाकीचं बरंचसं नागपुरात मिळतं.

आधी गळ, कारण फ्लायचं सगळं माप त्याच्यावरून ठरतं. नंबर वाढत गेला की गळ लहान होत जातो. १ च्या पलीकडे १/०, २/० असा मोठा होत जातो. मरळेला १/० किंवा २/०, जाड तारेचा, टोक आणि दांडी यांच्यात भरपूर जागा असलेला. तिलापियाला १०, रोहूला ८ ते १०. नेढं दांडीच्या रेषेत सरळ असलेलं बरं.

स्थानिक दुकानातले गळ चालतात, पण निवडून घ्या. गळ काचेवर आडवा ठेवा. दांडी आणि टोक दोन्ही काचेला टेकले तर तो सरळ आहे. टोक एका बाजूला वर उचललेलं दिसलं तर तो तिरपा गळ. आमिषाला उत्तम, फ्लायला वाईट, कारण ओढताना फ्लाय गिरक्या घेते आणि लीडर (लाइन आणि फ्लाय यांना जोडणारा बारीक दोरा) पिळतो. असा गळ पक्कडीने सरळ करायच्या भानगडीत पडू नका, कडक पोलाद तिथेच तुटतं किंवा कमजोर होतं. मग टोक अंगठ्याच्या नखावर अलगद ओढून पाहा. रुतलं तर धार आहे, घसरलं तर नाही. मस्टाडचा ३४००७ हा स्टेनलेस गळ मजबूत आहे, १/० ला चांगला. फक्त स्टेनलेस माशाच्या तोंडात राहिला तर लवकर गंजून गळून पडत नाही, म्हणून त्याचा काटा, म्हणजे टोकामागची उलटी खाच, दाबलेलाच हवा.

काटा बांधायच्या आधी दाबा. दाबताना गळ तुटला तर नुसता गळ जातो, तयार फ्लाय जात नाही. पक्कडीची पाती टोकाच्या रेषेत ठेवून दाबायची, आडवी नाही. आडवं दाबलं की टोकच मोडतं.

आता वाईस. दुकानात असाल तर १/० चा गळ वाकापाशी जबड्यात धरा आणि दांडी अंगठ्याने खाली दाबा. गळाने लवावं, पण जबड्यातून सरकू नये. सरकला तर जबडा मऊ आहे किंवा त्याची घडण चुकली आहे. ऑनलाइन घेत असाल तर जबडा कोणत्या नंबरपर्यंत धरतो ते वाचा, २/० लिहिलेलं नसेल तर सोडा. टेबलाला आवळायचा क्लॅम्प स्वस्तात पक्का पडतो. पाटावर उभा राहणारा घेतलात तर पाट जड हवा, नाहीतर दोरा ओढताना वाईसच तुमच्याकडे येतो. फिरणारा रोटरी चांगला असतो, पण ५,००० मध्ये बसवायचा म्हणून जबड्याचा दर्जा सोडू नका. निम्मे पैसे वाईसला गेले तरी हरकत नाही.

बॉबिन घेताना नळीच्या दोन्ही टोकांत कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले तर तिथली कड दोरा कापणार. सिरॅमिक नळी घेतली तर ही कटकट नाही. कात्री भरतकामाची, ४ इंची, टोकाशी बारीक. तार आणि नायलॉन कापायला दुसरी जुनी कात्री ठेवा. पिसाच्या कात्रीने एकदा तार कापली की तिच्या टोकाला खाच पडते आणि मग ती पीस कापत नाही, चावते.

बाकी अवजारं घरची: जाड सुई बुचात खोचली की टोचणी झाली. शेवटची गाठ मारायला बॉलपेनच्या पुढच्या निमुळत्या भागाचं भोक पुरतं. हॅकल (गळाभोवती गुंडाळायचं पीस) धरायच्या प्लायरच्या जागी लहान चिमटा, पात्यांवर रबराची नळी चढवून.

धागादोरा

दोऱ्याबद्दल.

६/०, ८/० हे आकडे कंपनीगणिक बदलतात. एकाचा ६/० दुसऱ्याच्या ८/० इतका बारीक निघू शकतो. डेनियर हे खरं माप: ९,००० मीटर दोऱ्याचं वजन ग्रॅममध्ये. १/० आणि २/० गळाला २१० डेनियर, ४ ते ८ नंबरला १४०, १० च्या खाली ७०. तुमच्या यादीला २१० चा एक आणि १४० चा एक, एवढे दोन पुरेत. रंग काळा आणि पांढरा. पांढऱ्याला मार्करने हवा तो रंग देता येतो.

शिवणाचा साधा पॉलिएस्टर दोरा साधारण २७ टेक्सचा असतो, म्हणजे जवळजवळ २४० डेनियर. जाडीने तो २१० पासून फार लांब नाही. अडचण पिळाची आहे. तो घट्ट पिळलेला आणि गोल असतो, गळावर सपाट बसत नाही. एकावर एक वेढे चढून डोकं फुगतं, आणि फोमवर तो कापत जातो. फ्लायचा दोरा जवळजवळ बिनपिळाचा असतो, दाब पसरवतो. सरावाला शिवणाचा दोरा वापरा, पण मरळेच्या फ्लायवर नको.

त्यापेक्षा एम्ब्रॉयडरी मशीनचा १२०/२ दोरा बरा. जाडी तितकीच, पण पीळ सैल, चमक चांगली. ताकद मात्र कमी, म्हणून फ्लायच्या अंगासाठी वापरावा, बांधायला नाही. गांधीबाग-इतवारीकडे शिवणकामाच्या सामानाच्या दुकानांत विचारा. कोन मोठा असतो, बॉबिनच्या हातांत बसत नाही. शिलाई मशीनच्या रिकाम्या बॉबिनवर भरून घ्या आणि फ्लायच्या बॉबिनचे हात तेवढे आत वाकवा. पकड अशी हवी की दोरा तुटायच्या जरा आधी बॉबिन फिरेल. बॉबिन स्वतःच्या वजनाने खाली लटकून राहिली पाहिजे, सुटत जाता कामा नये.

आणि पीळ सांभाळायला शिका. उजव्या हाताने वेढे घेताना प्रत्येक वेढ्यागणिक दोऱ्यात थोडा पीळ चढतो. दर १०-१५ वेढ्यांनी बॉबिन लटकत सोडा आणि वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, दोरा पुन्हा सपाट होईल. फोम आणि केस बांधताना सपाट दोरा, बारीक जागी नेमका वेढा घालायचा असेल तेव्हा पिळलेला. नवशिक्याच्या फ्लाय सुटतात त्या बहुतेक वेळा या एका गोष्टीमुळे.

जेल-स्पन पॉलिथिलीनचा दोरा फार ताकदवान असतो, पण निसरडा. दांडीवरच्या पहिल्या वेढ्यांना मेण आणि शेवटी सुपरग्लू नसेल तर सगळं गोल फिरतं. सुरुवातीला नको.

पिसारा

पिसं आणि केस. आधी कायद्याचं बोलतो, कारण आपण विदर्भात राहतो आणि जंगल जवळ आहे.

चितळ, सांबर, भेकर यांचे केस फ्लायला छान लागतात, पण घ्यायचे नाहीत, ठेवायचे नाहीत. जंगलात पडलेले सापडले तरी उचलायचे नाहीत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली ते येतं. मुंगसाच्या केसांचे रंगाचे ब्रश स्वस्तात कुणी देत असेल तर तेही नाही. रानकोंबड्याच्या मानेची पिसं, ज्यांना परदेशात सॅमनच्या जुन्या फ्लायमध्ये मोठा मान होता, तीही नाहीत. मोराच्या नैसर्गिकरीत्या गळालेल्या पिसाऱ्याला देशात सूट आहे, निर्यात बंद आहे. देठाच्या टोकाला रक्त-मांसाचा डाग असलेलं पीस उपटलेलं असतं, ते नाकारा. एक मोरपीस खूप पुरतं.

आता पर्याय. बकटेल म्हणजे अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे केस. त्याच्या जागी बकरीच्या शेपटीचा झुपका घ्या. सरळ, लांब, पाण्यात हलतो, रंग धरतो. बुडाशी बकटेल जरा पोकळ असतो आणि दोऱ्याखाली फुलतो, बकरीचे केस फुलत नाहीत. त्यामुळे झुपका पातळ घ्यायचा आणि खालची मऊ लोकर विंचरून काढायची. ती लोकर टाकू नका, डबिंगला, म्हणजे दोऱ्यावर पिळून फ्लायचं अंग करायला, कामी येते. कृत्रिम फर, म्हणजे मऊ खेळणी शिवायला वापरतात ते लांब केसांचं कापड, हेही चांगलं. कापताना पुढून कात्री घालू नका, मागचं विणलेलं कापड ब्लेडने कापा म्हणजे केसांची टोकं निमुळती राहतात.

हरणाचे केस फिरवून जी गोल डोकी करतात, त्याच्या जागी मेंढीची लोकर झुपक्या-झुपक्याने बांधा, सुईने फुगवा आणि कात्रीने आकार द्या. तरंगणार नाही, पण गाळावर ओढायच्या फ्लायला उलट बरं.

माराबू पूर्वी त्याच नावाच्या करकोच्याचं असे, आता पाळीव टर्कीचं असतं. कोंबडीच्या पोटाच्या आणि बुडाच्या पिसांच्या मुळाशी जो फुलफुलीत भाग असतो तो लहान फ्लायला तेच काम करतो. १० नंबरच्या शेपटीला एका पिसाचा फुलोरा पुरतो.

हॅकलसाठी ब्रॉयलर नको. पिसं कोवळी, मऊ, देठ पाणीदार. गावरान कोंबडा, पूर्ण वाढलेला, शक्यतो वर्षावरचा. आपल्याकडे खाटीक कातडी पिसांसकट सोलतो ही मोठी सोय आहे. मानेची आणि कमरेवरची कातडी अखंड मागून घ्या, सांगितलं की देतात. आठवडी बाजारात गावरान मिळतो, शहरात मोमिनपुऱ्याकडे चौकशी करा.

ती टिकवायची अशी:

हातमोजे आणि मास्क लावा. कातडीच्या आतली चरबी चमच्याच्या कडेने खरवडून काढा, जेवढी निघेल तेवढी, कारण वास आणि कीड दोन्ही चरबीला येतात. कोमट पाण्यात भांड्यांचा द्रवसाबण टाकून १५-२० मिनिटं भिजवा, हलकेच चोळा, दोन-तीन पाण्यांतून काढा. गरम पाणी नको, कातडी आखडते. पिळू नका. वर्तमानपत्रात दाबून पाणी टिपा. मग पुठ्ठ्यावर पिसं खाली, कातडी वर अशी टाचण्यांनी ताणून लावा आणि ओलसर कातडीवर टाकणखाराची पूड पातळ थरात चोळा. मीठही पाणी ओढतं, पण आपल्या पावसाळ्यात तेच मीठ हवेतलं पाणी ओढून कातडी पुन्हा ओली करतं, म्हणून टाकणखार. मुलांच्या हाती लागू देऊ नका. सावलीत पंख्याखाली ५ ते ७ दिवस. उन्हात ठेवली तर उरलेली चरबी पाझरून पिसांना चिकटते आणि रंग उडतो.

वाळली की झिप पिशवीत हवा काढून ३-४ दिवस फ्रीझरमध्ये. बाहेर काढून दोन दिवस खोलीत, मग पुन्हा ३-४ दिवस फ्रीझरमध्ये. थंडीत किडी मरतात, पण काही अंडी वाचतात. मधल्या दोन दिवसांच्या उबेत ती उघडली की दुसऱ्या फेरीत मरतात. नवीन माल जुन्या डब्यात लगेच मिसळू नका, महिनाभर वेगळा ठेवा. पिशवीच्या तळाशी वाळूसारखे कण किंवा पिसाला कुरतडलेल्या खाचा दिसल्या तर ती पिशवी तडक बाहेर. डांबरगोळ्या टाकू नका: वास पिसांत बसतो आणि काही प्रकारचं प्लास्टिक त्यांनी मऊ पडतं.

कन्हानकाठ

सगळ्यांचे आभार, फार कामाचं सांगितलंत. मरळेसाठी पहिली फ्लाय कोणती बांधू? जलपर्णीतून न अडकता यायला हवी. आणि डोक्यावर लावायला युव्ही रेझिन (अतिनील प्रकाशाने कडक होणारं) घ्यावं की नेलपॉलिश चालेल?

इतवारीकर

गर्गलर बांधा. जॅक गार्टसाइड या अमेरिकन बांधणाऱ्याची रचना आहे. फोमची पट्टी पाठीवर दुमडलेली, पुढे ओठ. ओढली की पाण्यावर गुळगुळ आवाज करते, आणि मरळ वरचं खायला तयारच असते. पॉपरपेक्षा (कोरलेल्या डोक्याची, आवाज करणारी तरंगती फ्लाय) बांधायला सोपी, कारण फोम कोरायचा नाही.

सामान: १/० गळ, २१० डेनियर दोरा, हस्तकलेच्या दुकानातला ईव्हीए फोम २ मिमी, बकरीचे केस किंवा कृत्रिम फर, कोंबड्याचं एक लांब पीस, जाड लोकर, नायलॉन २० पौंडी साधारण ०.४५ मिमी, सुपरग्लू. दांडी ३० मिमीच्या आसपास धरून मापं सांगतो, तुमच्या गळाप्रमाणे बदला.

काटा दाबून गळ धरा. नेढ्यामागे ४ मिमी सोडून तिथून वाकापर्यंत दोऱ्याचा पाया घाला, वेढ्याला वेढा लागून. उघडी चकचकीत दांडी कुठे राहू देऊ नका, फोम तिथेच फिरतो.

नायलॉनचा १२ सेंमी तुकडा घ्या. टोक दातांनी किंवा पक्कडीने चपटं करा, दांडीवर बांधत वाकाच्या पहिल्या एक तृतीयांशापर्यंत खाली जा. बाकीचं मागे लोंबू द्या, ते शेवटी टोक जलपर्णीत अडकू नये म्हणून लागेल. इथे सुपरग्लूचा एक थेंब.

शेपटी: दोन आगकाड्यांइतका जाड झुपका, लांबी दांडीच्या दीडपट. जरीतला चपटा बादला मिळाला तर त्याचे ४-६ तंतू बाजूंना. जास्त नको, बादला जड असतो.

फोमची पट्टी १२ मिमी रुंद, ७० मिमी लांब. एक टोक त्रिकोणी कापा. ते टोक नेढ्यामागे ५ मिमीवर ठेवून तिथून मागे वाकापर्यंत बांधत जा. पहिले दोन-तीन वेढे सैल, मग हळूहळू आवळा. एकदम आवळलं की दोरा फोम कापतो. बांधून झालं की पट्टीचा लांब भाग मागे शेपटीवर पडलेला असेल.

वाकापाशी पीस देठाकडून बांधा, लोकरही तिथेच. दोरा पुढे आणा. लोकर गुंडाळत पुढे, मग पीस ५-६ मोकळ्या वेढ्यांनी पुढे, बांधून उरलेलं कापा. आता पोटाखालचे पिसाचे तंतू कात्रीने सपाट छाटा. हे विसरलं की टोकासमोरची जागा भरते आणि मासा येऊन नुसता ढकलून जातो.

पट्टी पुढे दुमडा, ओढून ताणू नका. ताणली की पातळ होते, तरंगणं कमी होतं, आणि पुढे आखडून गळच वाकडा धरते. नेढ्यामागे ५ मिमीवर ६-७ घट्ट वेढे. पुढे ओठ ६ ते ८ मिमी ठेवून कापा. ओठ मोठा झाला तर फ्लाय हवेत फडफडते आणि फेकताना लीडर पिळते.

शेवटी नायलॉन टोकाच्या खालून पुढे आणून नेढ्यामागे बांधा. कमान टोकाच्या ३-४ मिमी खाली हवी. बोटाने दाबा: सहज दबून टोक उघडं पडलं पाहिजे. दाबायला जोर लागला तर नायलॉन पातळ घ्या. मरळेचा जबडा हाडाचा आहे, कमान दाबण्यात जोर गेला तर टोक शिरायला उरत नाही. ओठाखाली दांडीवर व्हिप फिनिश (शेवटची गाठ), ५ वेढ्यांचा, दोनदा. सुपरग्लूचा थेंब सुईच्या टोकाने, नेढ्यात जाऊ न देता.

बादलीत टाकून पाहा. कुशीवर पडली तर पट्टी अरुंद आहे किंवा मधोमध बसलेली नाही. शेपूट बुडून तोंड आभाळाकडे गेलं तर शेपटी कमी करा, ती पाणी पिते.

धागादोरा

चिकटवायचं काय, त्यावर.

नेलपॉलिश चालतं, पारदर्शक, दोन पातळ हात. घट्ट झालं तर नेलपॉलिशचा थिनर घाला, रिमूव्हर नाही. रिमूव्हरने फिल्म कमजोर होते. उन्हाळ्यात बाटली लवकर घट्ट होते, लहानच घ्या.

युव्ही रेझिन सुंदर लागतं, पण नागपूरच्या उन्हाचा विचार करा. खिडकीच्या काचेतून येणारा प्रकाशही ते कडक करतो, बाटलीचं तोंडच बंद होतं. खिडकीपासून दूर, ट्यूबलाइटखाली बसा आणि बाटली काळ्या पिशवीत ठेवा. टॉर्च ३६५ की ३९५ नॅनोमीटर ते रेझिनच्या बाटलीवर लिहिलेलं असतं, जुळवून घ्या. थर १ मिमीपेक्षा पातळ. जाड थर वरून कडक आणि आत चिकट राहतो. नखांचं युव्ही जेलही चालतं, त्याचा वरचा चिकटपणा स्पिरिटने पुसला की गेला.

सुपरग्लू पायाला उत्तम, पण वरून लावला तर ठिसूळ होतो, खडकावर आपटला की तडकतो.

मरळडोह

तिलापिया आणि रोहूचं राहिलं, ते मी सांगतो. याला फार सामान लागत नाही.

कूलरच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्याकडे तांब्याची इनॅमल तार वजनावर मिळते. ३४ किंवा ३६ गेज घ्या, म्हणजे ०.२३ आणि ०.१९ मिमी, अंगावर कडी, म्हणजे तारेचे मोकळे वेढे, घालायला. गळ जड करायला ३० गेज, ०.३१ मिमी. शिशाची तार टाळा, पाण्यात राहिली की विषच.

१० नंबरचा गळ, पुढच्या अर्ध्या भागात ३० गेजचे ८-१० वेढे, कोंबडीच्या फुलोऱ्याची शेपटी दांडीइतकी लांब, अंग तपकिरी किंवा शेवाळी लोकरीचं, वर ३६ गेजचे ५ वेढे. कडीची तार लोकरीच्या उलट दिशेने गुंडाळा म्हणजे लोकर सुटत नाही. तिलापिया यावर येते. तिचं तोंड लहान, त्यामुळे शेपटी त्याहून लांब ठेवली की ती नुसती शेपटीच ओढते.

रोहूला हीच फ्लाय ८ नंबरवर, शेपटीशिवाय, मोरपिसाच्या अंगाची. मोरपिसाचे ३-४ तंतू तारेसोबत पिळून मग गुंडाळा, नुसते गुंडाळले तर दुसऱ्या-तिसऱ्या माशाला तुटतात. रोहूचे ओठ मऊ आणि झालरीचे, तोंड खालच्या बाजूला. ती मोठं भक्ष्य पाठलाग करून घेत नाही. फ्लाय हळू बुडू द्या, ओढू नका. कटला वरच्या थरात, मृगळ तळाला, रोहू मधे. त्यामुळे एकाच फ्लायचं वजन कमी-जास्त करून तीन प्रती बांधा, तेवढा फरक पुरतो.

गाळावर मरळेसाठी क्लाउझरही बांधा. बॉब क्लाउझर यांची रचना, डोळ्यांच्या वजनाने गळ उलटा होऊन टोक वर राहतं, त्यामुळे तळाला अडकत नाही. दुकानातले डंबेल डोळे मिळाले नाहीत तर स्टीलची मणीसाखळी, रोलर पडद्यांना असते ती. ४ मिमीचे दोन मणी जोडीने कापा. नेढ्यापासून दांडीच्या एक तृतीयांशावर, दांडीच्या वरच्या बाजूला, फुलीच्या वेढ्यांनी बांधा आणि खाली आडवे ४-५ वेढे घेऊन ती फुली आवळा. डोळे बोटाने फिरले तर सगळं सोडून पुन्हा. वरून ग्लू टाकून ते थांबत नाहीत. केस दोन पातळ झुपके, एक वर एक खाली. झुपका जाड झाला की तो पाण्यात फुगतो आणि मणी हलके पडून गळ उलटत नाही.

परवानगीचं: जलाशय बहुतेक मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, संस्थेला विचारूनच जा. तोतलाडोह पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथे मासेमारी बंद. पावसाळ्यात मरळ पिल्लांच्या लालसर थव्याखाली राखण करत असते. तिथे ती कशावरही तुटून पडते, पण तिला काढलं की पिल्लं इतर मासे खातात. असा थवा दिसला की फ्लाय दुसरीकडे टाका.

कन्हानकाठ

यादी केली: वाईस, २१० आणि १४० डेनियर, १/० आणि १० नंबरचे गळ, कात्री, बाकी इतवारी आणि रिवाइंडिंगवाला. एक शंका. बांधलेल्या फ्लाय पावसाळ्यात डब्यात गंजतात का?

पिसारा

गंजतात, ओल्या ठेवल्या तर. पाण्यावरून आल्यावर डबा उघडा ठेवून रात्रभर पंख्याखाली सुकवा, मगच बंद करा. डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे करता येतात, तवा मात्र स्वयंपाकाचा नको. नेढ्याच्या आतून गंज सुरू होतो आणि तिथे दिसत नाही, लीडर कापतो. बांधायच्या आधी नेढ्यातून सुई फिरवून पाहत जा.